तीन अक्षरांची मोटार

शाळेच्या वार्षिकांत सहलींचीं वर्णनें येतात, थोरांचीं चरित्रें येतात, एखादी विनोदी गोष्टहि येते. परंतु मोटारगाडीवर लेख आलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. संपादकांनीं लेख मागितला व आम्हीं विषय सांगितला, तेव्हां ते किंचित् हंसले. त्यांचें हंसणें रास्तच होतें. आम्हांस मोटार चालवितां येत नाहीं, आणि इंजिनावरील झांकण उघडल्यावर आंत कोठें पाहावें हेंहि साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतें. तथापि एका अमेरिकन मोटारीपायीं आमची एकदां अशी कांहीं फजिती झाली, कीं त्या मोटारीचा इतिहास सांगितल्यावांचून ती समजणार नाहीं, आणि फजिती गाळून नुसता इतिहास सांगावा तर तो अर्धाच राहील.

२०१८ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत आमच्या भाच्याकडे दोन महिने राहिलों. भाचा डेट्रॉइट शहराच्या उत्तरेस राहतो व एका कारखान्यांत मोटारींच्या भागांचे आराखडे काढतो. मोटारींचें वेड त्याला लहानपणापासून. त्याच्या वडिलांपाशीं जुनी फियाट होती. कुर्ल्यास तयार झालेली, १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची आणि पावसाळ्याच्या सकाळीं हटकून रुसून बसणारी. ती ढकलून सुरू करण्याचें काम या मुलाकडे असे. "मोठेपणीं मी ढकलावी न लागणारी गाडी घेईन," असें तो धापा टाकीत म्हणे व आम्ही सारे हंसत असूं. अमेरिकेंत नऊ वर्षें काटकसर करून त्यानें तेवढ्यासाठीं पैसे सांठविले होते, हें आम्हांस तेथें गेल्यावर कळलें. मात्र त्याला हवी असलेली गाडी नवी नव्हती. ती १९६५ सालची, म्हणजे वयानें त्याच्याहून वडील. तिचें नांव पाँटियाक जी. टी. ओ.

"अरे, एवढ्या पैशांत कोरी गाडी येईल, आणि उरलेल्यांत गांवचें घर शाकारून होईल," असें आम्हीं म्हटलें.

तो म्हणाला, "मामा, शनिवारीं माझ्याबरोबर वुडवर्डला चला. मग बोलूं."

वुडवर्ड अॅव्हेन्यू हा रस्ता डेट्रॉइटच्या नदीकांठाजवळून निघून वायव्येस पाँटियाक शहराकडे जातो. काँक्रीट घातलेला अमेरिकेंतील पहिला मैलभर हमरस्ता १९०९ सालीं याच रस्त्यावर झाला. १९६० नंतरच्या दशकांत शनिवारीं रात्रीं तरुण मंडळी येथें आपापल्या गाड्या घेऊन येत, आणि चौकांतला तांबडा दिवा हिरवा झाला कीं पुढच्या दिव्यापर्यंत पैज लागे. पोलिसांस हा प्रकार मुळींच मान्य नव्हता हें सांगावयास नकोच. १९९५ सालापासून ऑगस्ट महिन्यांतील तिसऱ्या शनिवारीं त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरूं लागली. आपल्याकडे पालखी पाहण्यास लोक ओट्यांवर बसतात, तसे आम्ही रस्त्याच्या कडेस घडीच्या खुर्च्या टाकून बसलों. समोरून तासन् तास गाड्या जात होत्या. कित्येक चालविणारे आमच्याच वयाचे, टक्कल पडलेले, शेजारीं नातवंडें बसविलेले. त्यांच्या गाड्यांचा आवाज कानांनीं ऐकूं येण्याच्या आधीं खुर्चीच्या पायांतून अंगांत चढत होता. शेजारच्या एका आजीबाईंनीं सबंध दुपार विणकाम करीत, मान वर न करतां, नुसत्या आवाजावरून गाडीचें नांव व साल सांगितलें. त्यांचें चुकलेलें आम्हीं एकदांच पाहिलें.

या गाड्यांस तिकडे 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. दंडावर बेटकुळी काढून दाखविणाऱ्या पोराची आठवण करून देणारें हें नांव आहे. कल्पना अगदीं साधी. मध्यम आकाराची, दोन दारांची, सामान्य नोकरदारास परवडेल अशी गाडी घ्यावयाची आणि तींत थोरल्या गाडीसाठीं केलेलें इंजिन बसवावयाचें. वळणावर ती फारशी शहाणी नसते, तिचे ब्रेकहि बेताचेच, पेट्रोल तर ती पाण्यासारखें पिते. पण सरळ रस्त्यावर सुटली म्हणजे आंत बसलेल्याची पाठ गादीला चिकटते. दांडग्या इंजिनाच्या गाड्या अमेरिकेंत पूर्वीहि होत्या, त्यामुळें यांतील पहिली कोणती यावर तेथील शौकीन अजून हिरिरीनें वाद घालतात. तथापि या प्रकाराला बाजारांत प्रतिष्ठा दिली ती १९६४ सालच्या जी. टी. ओ.नें, असें बहुतेक सारे मानतात.

पाँटियाक ही जनरल मोटर्स कंपनीची एक शाखा होती. इंग्रजांविरुद्ध १७६३ सालीं उठाव करणाऱ्या ओडावा जमातीच्या पुढाऱ्याचें हें नांव. त्यावरून शहराला नांव मिळालें, आणि १९२६ सालीं तें नांव धारण करणारी मोटार निघाली. खुद्द जनरल मोटर्स आपल्या इकडच्या जुन्या पिढीस परकी नव्हती; मुंबईस शिवडी येथें १९२८ सालीं त्या कंपनीचा मोटारी जुळविण्याचा कारखाना निघाला होता. १९५० नंतरच्या दशकांत तो बंद झाला, आणि आम्ही ज्या गाड्यांविषयीं लिहीत आहों त्या जन्मास आल्या तेव्हां आपल्या रस्त्यांवर अँबॅसडर, फियाट व स्टँडर्ड हेरल्ड या तिघींचेंच राज्य होतें.

१९६० च्या सुमारास पाँटियाकच्या गाड्या शर्यतींत चमकत व त्या जोरावर दुकानांत खपत. १९६३ सालच्या आरंभीं कंपनीच्या वरिष्ठांनीं हुकूम काढला, कीं कोणत्याहि शाखेनें शर्यतींशीं संबंध ठेवूं नये. शिवाय मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालूं नये, असाहि दंडक होता. पाँटियाकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन त्या वेळीं अडतीस वर्षांचे होते. शनिवारीं ते आपल्या सहकाऱ्यांस घेऊन मिलफर्ड येथील कंपनीच्या चांचणीच्या मैदानावर जात, आणि तेथें गाडीखालीं उभे राहून सर्वांची मनमोकळी चर्चा चाले. अशाच एका शनिवारीं नवी टेंपेस्ट गाडी वर उचललेली असतां बिल कॉलिन्स या अभियंत्यानें एक साधी गोष्ट बोलून दाखविली. टेंपेस्टमध्यें ३२६ घनइंचांचें इंजिन होतें. थोरल्या पाँटियाकमध्यें ३८९ घनइंचांचें. दोन्ही इंजिनें बाहेरून सारख्याच मापाचीं. ज्या बैठकीवर एक बसे तींवर दुसरेंहि बिनबोभाट बसे. ३८९ घनइंच म्हणजे आमच्या मेहुण्यांच्या फियाटच्या जवळजवळ सहापट! वाचकांनीं हीं दोन जुळीं इंजिनें ध्यानांत ठेवावींत. पुढें आमचा घोटाळा झाला तो त्यांच्याचमुळें.

राहिला दंडक. तो गाडीच्या नमुन्याविषयीं होता. गिऱ्हाइकानें वरकड पैसे भरून मागवावयाच्या जादा सामानाविषयीं त्यांत चकार शब्द नव्हता. तेव्हां मोठें इंजिन हें रेडिओसारखें 'जादा सामान' म्हणून टेंपेस्टच्या लेमान्स नामक उंची प्रकारावर द्यावें असें ठरलें. शाखेचे प्रमुख पीट एस्टीस यांनीं संमति दिली. वरच्या समितीस विचारलें असतें तर नकार येणार हें उघड होतें, म्हणून विचारलेंच नाहीं. विक्रीप्रमुख फ्रँक ब्रिज यांस ही गाडी खपेल असें वाटेना, आणि ५,००० हून अधिक गाड्या करूं नयेत अशी अट त्यांनीं घातली. पहिल्या वर्षीं ३२,४५० खपल्या, दुसऱ्या वर्षीं ७५,३५२ आणि तिसऱ्या वर्षीं, म्हणजे १९६६ सालीं, ९६,९४६! यश आल्यावर कोणी रागावत नाहीं, ही रीत कारखान्यांतहि शाळेप्रमाणेंच आहे.

सुमारें २९५ डॉलरांच्या या गांठोड्यांत ३२५ अश्वशक्तीचें इंजिन, ताठ स्प्रिंगा, दुहेरी धुरांडीं, खालून हातानें बदलावयाचे गिअर आणि तांबडी रेघ असलेले टायर मिळत. आणखी पैसे दिले तर एकाऐवजीं तीन कार्बुरेटर व ३४८ अश्वशक्ति. बॉनेटवर हवा ओढून घेणाऱ्या दोन नाकपुड्याहि होत्या. मात्र १९६४ सालीं त्या बंद होत्या. नुसती शोभा!

नांवहि उसनें घेतलें होतें. इटलींतील फेरारी कंपनीनें १९६२ सालीं '२५० जी. टी. ओ.' ही शर्यतीची गाडी काढली. तीं तीन अक्षरें 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' या इटालियन शब्दांचीं. लांबच्या प्रवासाची व शर्यतीच्या नियमांत बसत असल्याबद्दल मान्यता मिळालेली गाडी, असा त्यांचा अर्थ. तशी मान्यता मिळण्यास एका नमुन्याच्या १०० गाड्या कराव्या लागत. खुद्द फेरारीनें ४० देखील केल्या नाहींत. जुन्याच गाडीची ही सुधारलेली आवृत्ति होय, असें सांगून मान्यता मिळविली. पाँटियाकला तर कोणत्याच शर्यतीची मान्यता नव्हती. डिलोरियन यांनीं नांव सरळ उचललें. फेरारीचे भक्त संतापले, पण अक्षरांवर मालकी कोण सांगणार?

पुढची गोष्ट आणखी मजेची आहे. 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाच्या मार्च १९६४ च्या अंकांत या दोन जी. टी. ओ.ंची तुलना मोठ्या थाटानें छापून आली. ताशीं ६० मैलांचा वेग पाँटियाकनें ४.६ सेकंदांत गांठला, असें त्यांत म्हटलें होतें. दुकानांत गर्दी उसळली. वस्तुतः चांचणीच्या जागीं फेरारी आलीच नव्हती. आणि पाँटियाक आली होती तिच्यांत ३८९ नव्हे, ४२१ घनइंचांचें इंजिन गुपचुप बसविलेलें होतें. तेंहि बाहेरून तसेंच दिसे! पाँटियाकच्या जाहिरातींचे सूत्रधार जिम वँगर्स यांनीं कित्येक वर्षांनंतर आपल्या आठवणींच्या पुस्तकांत याची कबुली दिली.

उत्कर्षाचा काळ फार टिकला नाहीं. तरुण मालकांचे विम्याचे हप्ते भरमसाट वाढले, १९७० सालीं हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, १९७१ पासून इंजिनांचा जोर कमी करावा लागला, आणि १९७३ सालच्या तेलटंचाईनें उरलीसुरली हौस संपविली. १९७४ सालीं हें नांव एका लहान गाडीला लावून पाहिलें व मग सोडून दिलें. पुढें २००४ ते २००६ पर्यंत ऑस्ट्रेलियांत तयार झालेल्या एका गाडीला तें पुन्हां देण्यांत आलें, त्याला जुने शौकीन नाकें मुरडतात. खुद्द पाँटियाक शाखा २०१० सालीं बंद झाली.

गाडी बंद पडली आणि तिचा संग्रह सुरू झाला. १९६४ सालीं जीं मुलें पंधरा-सोळा वर्षांचीं होतीं त्यांनीं ही गाडी दुकानाच्या कांचेतून पाहिली होती. पन्नाशीला पोंचल्यावर त्यांच्या हातीं पैसा आला. पण तोंवर गाड्या उरल्या होत्या कोठें? हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानें पत्रे खाल्ले. कित्येक शर्यतींत मोडल्या, कित्येक भंगारांत गेल्या. ज्या जातीच्या मुळांतच थोड्या झाल्या त्यांचे भाव तर विचारूंच नयेत. १९६९ सालीं 'जज्' नांवाचा एक खास प्रकार निघाला, त्यांतील उघड्या टपाच्या अवघ्या १०८ झाल्या होत्या.

आतां संग्राहकांचा न्याय पाहा. ज्या गाडीचें इंजिन पळवाटेनें आलें, नांव दुसऱ्याचें, नाकपुड्या खोट्या आणि कीर्ति चोरट्या चांचणीवर वाढलेली, तिच्याच बाबतींत हे लोक सत्याचे एवढे कडवे झाले आहेत कीं बोलावयास नको. इंजिनावर ठोकलेला क्रमांक कारखान्याच्या दप्तरांतील क्रमांकाशीं जुळला पाहिजे. रंग मूळचा पाहिजे, निदान मूळच्या रंगाचा पाहिजे. स्क्रूच्या डोक्यावरील खूणसुद्धां तपासतात. प्रथम आम्हांस हें सोंवळें हास्यास्पद वाटलें. पण त्याला कारण आहे. जी. टी. ओ. हें १९६४ व १९६५ सालीं केवळ जादा सामान असल्यामुळें गाडीच्या अधिकृत क्रमांकांत त्याचा मागमूस नाहीं. १९६५ च्या लेमान्सचा क्रमांक २३७ नें सुरू होतो, आणि त्या सालच्या जी. टी. ओ.चाहि २३७ नेंच. १९६६ सालीं ती स्वतंत्र जातीची गाडी झाली तेव्हां तिला २४२ हा आकडा मिळाला. तेव्हां साधी लेमान्स घ्यावी, तिच्या ३२६ च्या जागीं भंगारांतून आणलेलें ३८९ बसवावें, चार बाजूंस तीन अक्षरें चिकटवावींत, कीं झाली जी. टी. ओ.! ज्या सोयीनें गाडीचा जन्म झाला त्याच सोयीनें तिच्या नकला झाल्या. नक्कल करून ती नक्कल म्हणून विकणारे पुष्कळ आहेत व त्यांत वावगें कांहीं नाहीं. अस्सल म्हणून विकणारेहि निघाले. खरें-खोटें ठरविण्यास आधार एकच. कारखान्यानें प्रत्येक गाडीचें जें बिल केलें त्याच्या प्रती फिल्मवर उतरविलेल्या आहेत, आणि पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था फी घेऊन त्यांची नक्कल पाठविते.

भाच्यानें हेरून ठेवलेली गाडी पाँटियाक शहरापलीकडे एका वृद्ध गृहस्थांकडे होती. वुडवर्डच्या जत्रेनंतर दोन दिवसांनीं आम्ही तेथें गेलों. गृहस्थ उंच, कानांनीं अधू. चाळीस वर्षें कारखान्यांत वेल्डिंग केलेले. पत्नी निवर्तली होती, जिने चढवत नव्हते, आणि राहतें घर सोडून एका लहानशा जागेंत जावयाचें होतें, म्हणून गाडी विकावयाची. त्यांनीं ती १९८६ सालीं वर्तमानपत्रांतील जाहिरात पाहून घेतली होती. त्या वेळीं तिचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. बारा वर्षांच्या मुलीस हाताशीं घेऊन त्यांनीं तीन हिवाळे खपून तो पत्रा बदलला. मुलगी आतां दूर ॲरिझोनांत असते व तिला गाडी ठेवावयास जागा नाहीं.

त्यांनीं दार वर सारलें. आंत निळसर-हिरव्या रंगाची गाडी उभी होती. समोर दोन्ही बाजूंस एकावर एक असे दोन-दोन दिवे, आणि मागें तीं तीन अक्षरें. आम्हांस मोटारींतलें कांहीं कळत नाहीं, तरी आम्हीं हात मागें बांधून घेतले, इतकी ती स्वच्छ होती. म्हातारबोवांनीं खिशांतून एक लोहचुंबक काढून भाच्याच्या हातावर ठेवला. "कोठेंहि लावून पाहा," ते म्हणाले. "या गाडींत लांबी भरलेली नाहीं." गंजलेला पत्रा न बदलतां लांबी भरून वर रंग दिला तर लोहचुंबक तेथें चिकटत नाहीं, हें आम्हांस तेव्हां कळलें. भाच्यानें चाकांवरच्या कमानी, दारांच्या तळकडा, मागचे कोपरे, सर्वत्र लावून पाहिला. लोहचुंबक सर्वत्र टक्कन् चिकटला. म्हातारबोवा प्रत्येक टक्क्याला मान हलवीत होते. मग भाच्यानें डाव्या दाराच्या चौकटीवरील पट्टीचा क्रमांक उतरून घेतला. कागद मागविण्यास त्यांची ना नव्हती; मात्र आपण तो कधीं मागविला नाहीं, असें ते म्हणाले.

कागद आला त्या रात्रीं भाचा जेवला नाहीं. गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हां ती लेमान्स होती. इंजिन ३२६ घनइंचांचें, अश्वशक्ति २५०, गिअर दोनच व तेहि आपोआप बदलणारे, रंग बदामी. १९८६ पूर्वीं कोणीतरी कोठेंतरी तिचें रूप पालटलें होतें, आणि म्हातारबोवांनीं जी. टी. ओ.चे पैसे मोजून ती घेतली होती.

येथें आमची फजिती सांगावयाची. आम्हीं भाच्यास म्हटलें, "त्यांना कशाला सांगतोस? बेत रहित झाला एवढेंच कळव. बत्तीस वर्षें माणूस ज्या समजुतींत सुखी आहे, ती मोडून तुझ्या पदरांत काय पडणार? म्हातारपणीं कशाला त्यांच्या जिवाला घोर?" हें आम्हीं दयेपोटीं म्हटलें असें तेव्हां आम्हांस वाटलें. खरें पाहतां परक्या देशांत, परक्या घरीं, अवघड प्रसंगाला उभें राहण्याची आमची तयारी नव्हती.

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, पुढचें गिऱ्हाईक कागद मागवील किंवा मागविणार नाहीं. मागविला, तर तें त्यांना लबाड समजेल. न मागविला, तर तें फसेल. आणि मामा, लोहचुंबक त्यांनीं स्वतः माझ्या हातांत दिला हो."

पस्तीस वर्षें वर्गाच्या फळ्यावर रोज सकाळीं सुविचार लिहिणाऱ्या आम्हांस यावर बोलावयास कांहीं सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीहि बरोबर गेलों. नेऊं नकोस म्हणावयाची सोय राहिली नव्हती.

म्हातारबोवांनीं चष्मा लावून कागद दोनदां वाचला. आम्ही खालीं सिमेंटाच्या जमिनीकडे पाहत होतों. ते रागावले नाहींत. त्यांनीं गाडीखालीं सरकावयाची चाकांची फळी ओढली, पण वांकतां येईना, तेव्हां भाच्यास तीवर निजावयास सांगितलें व हातांत विजेरी दिली. "क्लचच्या दांड्याला आधार देणारी पट्टी दिसते? तिचा सांधा पाहा."

"हातानें केलेला आहे," भाचा आंतून म्हणाला. "ओबडधोबड आहे."

"कारखान्यांतला माणूस असा सांधा करीत नाहीं. मीं केला असता तर मला त्याच दिवशीं घरीं पाठविलें असतें. तो मीं १९८६ सालीं पाहिला, गाडी घरीं आणल्यावर पहिल्याच रविवारीं." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "पाहिला आणि पुन्हां तिकडे पाहिलें नाहीं. कागद मागवावयाला पैसे फार पडत नाहींत हें मला ठाऊक होतें."

मग त्यांनीं भाच्यास विचारलें, कीं अशा लेमान्सचा भाव आज काय आहे. भाच्यानें खरा भाव सांगितला. मागितलेल्या किंमतीहून तो पुष्कळच खालीं होता, इतका कीं ऐकतांना आम्हांस अवघडल्यासारखें झालें. त्यांनीं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशीं फोन आला, आणि त्या भावांत सौदा झाला. पत्रे, रंग, टायर यांच्या पावत्यांची एक जाड फाइल त्यांनीं गाडीबरोबर दिली. वर तो कागद टांचलेला होता. त्यांच्या नव्या जागेंत सामान लावण्यास भाचा दोन रविवार गेला. आम्हीहि एक रविवार गेलों व कपबशा पुसल्या.

या गोष्टीला आतां बरींच वर्षें झालीं. भाचा जत्रेंत गाडी नेतो तेव्हां पुढच्या कांचेआड एक पुठ्ठा ठेवतो: '१९६५, टेंपेस्ट लेमान्स, इंजिन मागाहून बदललेलें.' लोक हौसेनें जवळ येतात, पुठ्ठा वाचतात आणि बहुतेक पुढें जातात. थांबतात ते पत्र्याचें काम पाहण्यासाठीं थांबतात, आणि शेजारच्या खुर्चींत म्हातारबोवा बसलेले असले तर मग त्यांचा तास मोडतो. तीं तीन अक्षरें मात्र अजून गाडीवर आहेत. तीं काढावींत कीं राहूं द्यावींत, असें भाच्यानें मध्यंतरीं पत्रानें विचारलें होतें. काढलीं तर पत्र्यांत भोंकें राहतील. तीं बुजवावयाचीं तर लांबी भरावी लागेल किंवा नवा तुकडा सांधावा लागेल, आणि म्हातारबोवांचा हात आतां कांपतो. आमचें उत्तर अद्याप जावयाचें आहे.